ओव्हन दुरुस्त करा, हप्ता थांबवा

नागपूरच्या मनीषनगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरूनच केक, कुकीज आणि पाव करून विकतात. चार वर्षांपूर्वी किचन ट्रॉलीचं काम करताना त्यांनी कपाटात बसणारा सत्तर लिटरचा ओव्हन घेतला. आता तो सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बंद पडतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो. वरच्या बाजूला पंख्याचा आवाज यायचा, मध्यंतरी तो खडखडायला लागला, आता येतच नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला सर्किट बोर्ड गेलाय, साडेअकरा हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या. नवा ओव्हन ६२ हजारांचा, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. नाताळच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. दुरुस्त करू की नवा घेऊ, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पण पत्राच्या शेवटी हे आहे: "हाताशी पैसे अगदीच नाहीत असं नाही. गेल्या डिसेंबरात तीन लाखांची एफडी संपली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी एफडीसारखीच, पण दुप्पट देणारी योजना सांगितली. एक लाख भरले. नंतर कळलं की दरवर्षी एक लाख, असे दहा वर्षं भरायचे आहेत आणि विसाव्या वर्षी वीस लाख मिळणार. उरलेले दोन लाख पुढच्या दोन हप्त्यांसाठी बाजूला ठेवलेत, म्हणून ओव्हन ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. मिस्टरांना दरवर्षीच्या हप्त्याचं अजून सांगितलेलं नाही."

ताई, ओव्हनचं आधी सांगते, कारण ते लवकर संपेल.

तुमच्या ओव्हनमध्ये दोन पंखे आहेत. एक आत, मागच्या जाळीमागे, जो गरम हवा फिरवतो. दुसरा वर, पत्र्याच्या आत लपलेला, जो बटणांचं पॅनल, बोर्ड आणि दार गार ठेवतो. हा दुसरा कूलिंग फॅन फिरला नाही की वरचा भाग तापतो, सुरक्षेसाठी बसवलेला थर्मल कटआउट वीज तोडतो आणि ओव्हन बंद पडतो. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. तुमच्या ओव्हनची लक्षणं हुबेहूब अशीच आहेत. आधी खडखड आणि मग शांतता, म्हणजे बेअरिंग झिजत गेलं आणि मोटर अडकली, ही शक्यता सगळ्यात मोठी. बोर्डही गेलेला असू शकतो, पण न तपासता तसं म्हणणं मला मान्य नाही.

तपासणी अवघड नसते. मेन स्विच बंद करून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर बाहेर काढायचा, वरचा पत्रा उघडायचा आणि पात्यांना बोटाने फिरवून बघायचं. पातं अडकत असेल किंवा तेलकट मैद्याचा थर बसला असेल, तर अर्धं निदान तिथेच झालं. मग मल्टिमीटरने मोटरच्या वायंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स बघायचा. काहीच आकडा येत नसेल तर मोटर जळली. मोटर चांगली निघाली, तर ओव्हन तापलेला असताना मोटरच्या टोकांपर्यंत २३० व्होल्ट पोचतात का ते बघायचं. पोचत असूनही फिरत नसेल तर दोष मोटरचाच, पोचत नसतील तर फॅनचा थर्मल स्विच किंवा बोर्डवरची रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. हे काम माहीतगार माणसाचं आहे, तुम्ही स्वतः करू नका. या तीन गोष्टी दाखवल्याशिवाय बोर्डाचे पैसे मात्र कुणाला देऊ नका. कंपनीच्या सेंटरबाहेरच्या एखाद्या अनुभवी कारागिराला सीताबर्डीत किंवा इतवारीत विचारा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या एकाने मोटरसह ३,८०० सांगितले. तो तपासून सांगत असेल तर त्यालाच काम द्या. फक्त कटआउट बायपास करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो कटआउट तुमच्या घराला आग लागू नये म्हणून आहे.

तुमच्या पत्रातलं अजून एक वाक्य मला खटकलं. केक झाला की वीज वाचवायला तुम्ही लगेच भिंतीवरचं बटण बंद करता. तसं करू नका. ओव्हन बंद केल्यावरही हा पंखा काही वेळ चालत राहतो, तो त्यासाठीच असतो. बटण बंद केलंत की सगळी धग बोर्डावर आणि मोटरवर कोंडते. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर आधीच भट्टी झालेलं असतं, तेव्हा तर हे मशीनला फारच महाग पडतं. सुताराने कपाटाच्या मागची हवेची फट बुजवली आहे का, तेही एकदा बघा.

दुकानदाराने पाच हजारांत विकलेली वाढीव वॉरंटी तुमच्या कामी आली नाही, कारण तुम्ही ओव्हन धंद्यासाठी वापरता. घरगुती मशीनच्या वॉरंटीत ही अट बहुतेक वेळा असतेच. घरून केक विकता हे माहीत असूनही त्याने ती विकली, याचा मला राग येतो. नव्या ओव्हनबरोबर तो तीच पुन्हा पुढे करेल. आणि नवा ओव्हन आला की ऑर्डरी दुप्पट होतील, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. तुमचा ओव्हन दिवसाला तीन तास चालतो. ऑर्डरी अडल्यात त्या ओव्हनमुळे नाहीत, तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपलीकडे तुमचं नाव गेलेलं नाही म्हणून.

आता पत्रातल्या त्या शेवटच्या ओळी. साहेबांनी सांगितलेली ती योजना एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे.

मिस्टरांचा बुटीबोरीतला पगार ३२ हजार, तुमचे केकचे सगळं जाऊन १५ हजार. पॉलिसीचा हप्ता महिन्याला पडतो ८,३००. ओव्हनचा ईएमआय ५,२००. दोन्ही मिळून साडेतेरा हजार. म्हणजे महिनाभर उभं राहून केलेल्या केकमधून तुमच्या हातात दीड हजार उरतील. एफडीचे दोन लाख दोन हप्त्यांत संपतील, त्यापुढे सात वर्षं सात लाख कुठून आणायचे, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. हे हप्ते तुम्हाला झेपणार नाहीत, हे साहेबांनाही माहीत होतं.

"दुप्पट" या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवलात, म्हणून तो मोजून बघू. दहा हप्ते वेगवेगळ्या वर्षी जातात, पण सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं कंपनीकडे राहतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा, उत्तर येतं साडेचार टक्क्यांच्या जरा वर. त्याच बँकेची साधी एफडी याहून जास्त देते. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधी योजनेत, सध्या ७.१ टक्के मिळतात. तो दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण हाच धरला तर वर्षाला एक लाख दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख होतात. पॉलिसीत वीस.

तुम्ही म्हणाल, एक लाख तर गेलेच आहेत, आता सोडलं तर तेही बुडतील. बहुतेक लोक इथेच अडकतात, म्हणून नीट बघा. समजा, तो पहिला लाख पूर्ण बुडाला, एक रुपयाही परत आला नाही. उरलेले नऊ हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये गेले, तरी त्याच तारखेला साडेपंचवीस लाख होतात. पॉलिसी चालू ठेवलीत तर वीस. लाख सोडूनही साडेपाच लाख पुढे.

आणि पूर्ण लाख बुडणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला आणि पहिलं वर्ष पूर्ण झालं की विशेष सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, कंपनीला द्यावी लागते. निम्म्याच्या आसपास रक्कम परत येईल असं धरून चला, नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा.

पण सरेंडरच्या फॉर्मवर लगेच सही करू नका. आधी पूर्ण लाखासाठी तक्रार करा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करायचा हक्क होता, ती मुदत गेली. फसवून विकल्याची तक्रार मात्र अजून करता येते. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. फॉर्म साहेबांनीच भरला, पडताळणीच्या फोनवर सगळ्याला हो म्हणा असं त्यांनीच सांगितलं, हे तुम्ही लिहिलंय. ते तारखेसह तक्रारीत घाला. "एफडीसारखीच आहे मॅडम" हा त्यांचा व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, त्याचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रार विमा कंपनीला आणि बँकेला, दोघांनाही लेखी द्या. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

सगळ्यात घाईचं काम वेगळंच आहे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची परवानगी साहेबांनी पहिल्याच दिवशी घेतलेली असणार. डिसेंबरची तारीख येण्याआधी बँकेत जाऊन ती रद्द करा आणि पोच घ्या. नाहीतर आपण बोलत बसू आणि दुसरा लाख निघून जाईल.

उरलेले दोन लाख पॉलिसीचे नाहीत, तुमच्या घराचे आहेत. त्यातून ओव्हनचे चार हजार आजच द्या. दीड लाख हवे तेव्हा मोडता येतील अशा छोट्या छोट्या एफडींमध्ये ठेवा. बाकीच्यातून मिस्टरांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. ज्यांच्या पगारावर घर चालतं त्यांच्या जिवाला काहीच संरक्षण नाही आणि तुमच्या नावावर मात्र दहा लाखांचं महागडं कवच आहे. पन्नास लाखांचा साधा टर्म त्यांच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजारांत मिळायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आरोग्य विम्याचंही तसंच आहे. मिस्टरांच्या कंपनीकडून मिळणाऱ्या दोन लाखांच्या आरोग्य विम्यावर चौघांचं भागणार नाही, जानेवारीत वेगळा घ्या. मुलगी सात वर्षांची आहे, तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडता येईल, दर सध्या ८.२ टक्के. महिन्याला हजारापासून सुरुवात करा, लाखाच्या भरीला पडू नका.

मिस्टरांना कसं सांगू, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र त्याच भीतीने लिहिलंय असं मला वाटलं. या रविवारी सांगा, बँकेत जाण्याआधी. पॉलिसीचा कागद आणि तो मेसेज समोर ठेवा. चूक तुमच्या भोळेपणाची नाही, ठेवीदाराला विमा चिकटवणाऱ्या माणसाची आहे, हे त्यांना कागदावरूनच दिसेल. तक्रारीवर सही तुमची लागेल, पण बँकेत त्या टेबलासमोर दोघांनी मिळून बसा.