नवीन टीम लीडसाठी: आधी ऐकायला शिक
टीम लीड झालास, आता दिवसभर लोक काही ना काही सांगायला येणार. सगळ्यात आधी, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ दे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी दवाखान्यातल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. ऑफिसात आपलंही तेच चालतं. त्यात खरी गोष्ट लोक बऱ्याचदा शेवटी काढतात. 'शुक्रवारी सुट्टी हवी होती' म्हणत येतात आणि दारापाशी पोचल्यावर 'आईची तब्येत जरा…' निघतं. तेव्हा 'बरं, अजून काही?' एवढंच विचार आणि गप्प बस. ते गप्प बसणं सगळ्यात जड जातं.

मग तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग. 'म्हणजे काम जास्त आहे असं नाही, ते ऐनवेळी बदलतं याचा त्रास होतोय, बरोबर?' चुकलं तर तोच दुरुस्त करेल, आणि ते बरंच. पोपटपंची मात्र नको, माणूस चिडतो.

लॅपटॉप मिटायचा, मोबाईल पालथा. हे तुला ठाऊक आहेच.

घरचं गणित वेगळं. बायको तिच्या ऑफिसचं गाऱ्हाणं सांगत असेल तर 'तू असं करायला हवं होतंस' लगेच सुरू करू नकोस. सरळ विचार, 'काही सुचवू, की नुसतं ऐकू?' पहिल्यांदा ती हसेल. हसू दे. फोनवर मात्र अधूनमधून हुंकार देत जा, नाहीतर पलीकडून 'ऐकतोयस ना?' आलंच.