मिस्त्री म्हणजे गवंडी नव्हे

गिरगावातल्या एका वाचकाने विचारलंय, गवंडी आणि मिस्त्री एकच का? आणि ‘माल मिसळतो तो मिस्त्री’, म्हणून शब्द संस्कृत ‘मिश्र’वरून आला हे खरं का? दोन्ही साफ चूक. माल कालवतो तो बिगारी. गवंडी हा धंदा आणि मिस्त्री हा मान, म्हणूनच सुतारमिस्त्री असतो, मोटारमिस्त्रीही असतो. घमेलं उचलणाऱ्या पोरापासून सगळ्यांना सरसकट ‘ओ मिस्त्री’ म्हणायची मुंबईची सवय मला ऐकवत नाही.

शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा, म्हणजे उस्तादाचा. कोकणातलं मेस्त्री आडनाव, गोव्यातला मेस्त त्याच घरातले. मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’, म्हणजे शिकवणारा. इंग्रजी ‘मास्टर’ तिथूनच निघाला, म्हणजे शाळेतला मास्तर आणि इमारतीवरचा मिस्त्री चुलतभाऊ ठरतात!

‘पोर्तुगीज’ एवढा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे. ‘चावी’, ‘बादली’ ही वस्तूंची नावं, ती वस्तूंबरोबर येतात. ‘मेस्त्रे’ हे माणसाचं आणि त्याच्या अधिकाराचं नाव आहे. 1534 ते 1739 वसई पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या तटांच्या, चर्चांच्या कामावर करून दाखवणारा आणि करून घेणारा माणूस एकच असणार, आणि शब्द तिथेच आपल्या तोंडी बसला असं माझं ठाम मत आहे.

कारण करणारा आणि शिकवणारा एकच, ही कल्पना आपल्याकडे जुनीच होती. कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरचा आठव्या शतकातला लेख बघा. बांधणारा गुंड अनिवारिताचारी. नावातच ‘आचार्य’, म्हणजे पुन्हा शिकवणाराच! त्याला तिथे ‘सूत्रधारी’ म्हटलंय, आणि या सूत्रधारापासूनच आपला ‘सुतार’ आला. सूत्र म्हणजे आखणीची दोरी.

‘शिल्पविद्या पोथीत कोंडलेली होती’ असं लिहिणाऱ्या पंडितांनी भोपाळजवळच्या भोजपूरला जावं. अकराव्या शतकातलं तिथलं शिवमंदिर अर्धवट राहिलं, पण आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे आराखडे आणि खांब रेषांनी कोरलेले आहेत. काम करणाऱ्याने बघावं, माप घ्यावं, दगड घडवावा. पोथी वाचता येण्याची अटच नाही.

आणि ‘सूत’ म्हणजे फक्त धागा, हेही डोक्यातून काढा. आजही मुंबईत मिस्त्री बिगाऱ्याला सांगतो, ‘दोन सूत खाली घे.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.