हाताला रंग-गोंद लागलेला सहन न होणाऱ्या ऑटिस्टिक मुलासाठी कोणती हस्तकला?

सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाच्या बोटाला रंग किंवा गोंद लागला की तो किंचाळतो, हात कपड्यांना घासत सुटतो. अशा वेळी त्याच्याकडून हस्तकला करून घ्यायची कशी, हा तुमचा प्रश्न.

‘करून घ्यायची’ हे आधी डोक्यातून काढा. ‘एकदा लागला की सवय होईल’ म्हणून त्याचा हात धरून रंगात बुडवलात, तर पुढच्या वेळी तो टेबलाजवळही येणार नाही. हा हट्ट नाही. संवेदना फार तीव्र किंवा फार मंद जाणवणं २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) पासून ऑटिझमच्या निकषांतच आहे.

सुरुवात पिशवीतल्या रंगाने करा. जाड झिप-लॉक पिशवी घ्या, साधारण २० बाय २५ सेंमी. दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन चमचे निळा आणि दोन चमचे पिवळा पोस्टर रंग घाला. तिसरा रंग नको, सगळ्याचा चिखल होतो. पिशवी आडवी ठेवून तळहाताने हवा तोंडाकडे ढकला, झिप लावा, झिपवर चिकटपट्टी मारा. खाली पांढरा कागद ठेवून चारी कडा टेबलाला चिकटवा. आता बोटाने दाबलं की रंग बाजूला सरतो आणि पांढरी रेघ उमटते, बोट मात्र कोरडं. हवा आत राहिली तर जोराने दाबल्यावर पिशवीची शिवण उसवते. रंग जास्त झाला तर रेघ लगेच भरून निघते. आणि चिकटपट्टी ओढतानाची ती करकर! ती त्याला रंगापेक्षाही नकोशी असू शकते. पट्ट्या तो यायच्या आधीच कापून ठेवा.

हे जमलं की लांब दांड्याचा ब्रश, मग कपड्याच्या चिमट्यात धरलेला स्पंजचा तुकडा. हाताशी ओला रुमाल हवाच आणि तो कितीदाही वापरायची मुभा हवी. हात लगेच पुसता येतो हे कळलं की मूल जास्त वेळ टिकतं. पातळ गोंदाऐवजी ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरा.

अजिबात न चिकटणारं काम हवं असेल तर कागदाची वीण मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण त्यात पुढे काय येणार ते आधीच ठरलेलं असतं. ए४ कार्डशीट मधोमध दुमडा, २१ सेंमीची घडी येईल अशी. घडीकडून दर ३ सेंमीवर कात्री चालवा, पण समोरची कड २ सेंमी अखंड सोडा. हे काम पहिल्यांदा तुम्हीच करा. दुसऱ्या रंगाच्या २१ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद सात-आठ पट्ट्या कापा. एकाआड एक पट्टीच्या टोकाला ठिपका द्या: ठिपक्याची वरून सुरू, बिनठिपक्याची खालून. प्रत्येक पट्टी ओवली की आधीच्या पट्टीला घट्ट सरकवायची, नाहीतर वीण ढिली पडून शेवटची पट्टी गळते. साधा पातळ कागद घेऊ नका, तो चुरगळतो आणि तिथेच चिडचिड सुरू होते.

काही मुलांचं उलट असतं: त्यांना दाब, जोर हवा असतो. (एकाच मुलात दोन्हीही असू शकतं: चिकट नको, पण दाबायला हवं.) त्यांच्यासाठी शिजवलेला मऊ गोळा: १ कप मैदा, अर्धा कप मीठ, १ मोठा चमचा तेल, १ मोठा चमचा लिंबाचा रस, १ कप पाणी. मंद आचेवर ढवळत राहा, गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की उतरवा, कोमट झाल्यावर मळा. हाताला चिकटला तर कच्चा राहिलाय, पुन्हा आचेवर धरा. नखं कुरतडणाऱ्या मुलाची बोटं आधी बघा, मीठ झोंबतं. गव्हाची ॲलर्जी असेल तर हा गोळा नकोच. आणि त्यात मीठ भरपूर आहे, खाऊ देऊ नका.

वस्तू तोंडात घालायची सवय असेल तर पाण्यात फुगणारे मणी आणि सुटे लोहचुंबक घरातच नकोत. गिळले तर आतडं अडतं किंवा त्याला छिद्र पडतं.

बसायच्या आधी पायऱ्यांचे तीन-चार फोटो डावीकडून उजवीकडे लावा, शेवटी ‘संपलं’चा रिकामा डबा. झालेल्या पायरीचा फोटो तो स्वतः डब्यात टाकेल. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटं पुरे. कान झाकले, मान वळवली, हात मागे घेतले, तर रडण्याची वाट न बघता तिथेच थांबा. अर्धी वीण ट्रेमध्ये तशीच ठेवा, उरलेले फोटो तिच्या शेजारी. उद्या तिथूनच पुढे.