बँकांचं जाळं अभ्यासायचंय? आधी कागद-पेन्सिल घे

भाऊ, सुरुवातीलाच सॉफ्टवेअर उघडू नकोस. कागदावर तीन बँका काढ, नि कर्ज देणारीकडून घेणारीकडे बाण काढ. अ ने ब ला १० कोटी दिलेत, ब ने क ला ४०. अ चं भांडवल ३०, ब चं २५. आता क बुडाली नि काहीच वसूल झालं नाही असं धर. ब चा तोटा ४०, भांडवलाहून जास्त, म्हणजे तीही गेली. अ चे १० गेले, पण ती उभी राहिली. संसर्ग म्हणजे एवढंच, आणि हे हातानं केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
– बाणाची दिशा विसरणं. देणारा कोण, घेणारा कोण, यावरच तोटा कुठे जाणार ते ठरतं.
– नुसत्या रेषा मोजणं. रक्कम भांडवलाच्या किती पट, ते बघ.
– मोठी बँक तीच मोक्याची समजणं. आपलं भुसावळ बघ ना! शहर मुंबईएवढं नाही, पण खंडवा, अकोला, जळगाव या तिन्ही बाजूंचे मार्ग तिथे मिळतात. ते अडलं की सगळं अडतं.

फक्त बँकाच घेऊन बसू नकोस. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीनं हप्ते थकवले, ती बँक नव्हती. झळ तिला कर्ज दिलेल्या म्युच्युअल फंडांनाही लागली.

रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल वर्षातून दोनदा येतो. त्यातला जाळ्याचा भाग तेवढा वाच. केंद्रीयतेची, म्हणजे जाळ्यात कोण किती मोक्याचं ते मोजायची, सूत्रं सध्या राहू दे. कागद झाला की दाखव, मी आवर्जून बघेन.