तोंड वाकडं झालं, तर डॉक्टर आधी भुवया उचलायला का सांगतात?

कारण कपाळावरच्या आठ्या बरंच काही सांगून जातात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या असतात. त्यातली सातवी चेहऱ्याचे स्नायू हलवते. तिचं केंद्र मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जिथे जोडला जातो त्या भागात असतं. त्या केंद्राच्या कपाळाकडच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो, ओठांकडच्या भागाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धाकडूनच. त्यामुळे पक्षाघाताने मेंदूचा एक अर्ध दुखावला, तर ओठाचा कोपरा लोंबतो, पण कपाळावर आठ्या पडतात. नसच सुजली असेल, तर चेहऱ्याची ती अख्खी बाजूच लुळी पडते. कपाळ गुळगुळीत राहतं आणि डोळा मिटायला सांगितलं की पापणी अर्ध्यावर थांबते, बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरा भाग दिसतो.

हीच नस जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव वाहून नेते आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूलाही आवरते. म्हणून काहींना त्या बाजूने भांड्याचा साधा आवाजही कर्कश वाटतो. गालावरचा स्पर्श मात्र कळतो, ते काम पाचव्या नसेचं.

पण कृपा करून आरशात आठ्या बघून घरी निदान करत बसू नका. हे केंद्र असलेल्या देठातच पक्षाघात झाला, तर कपाळही लुळं पडू शकतं. तोंड अचानक वाकडं झालं की लगेच दवाखाना गाठा.