लिफ्ट किती इंच ते सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, डबल कॅब पिकअप, मागे माल क्वचितच, पुढे कॉइल स्प्रिंगवालं स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं), मागे पाटे. गाडी उंच करायला, म्हणजे लिफ्टसाठी, पुढे ३ इंची स्पेसर (स्प्रिंगच्या डोक्यावरची जाड चकती) आणि मागे २ इंची ब्लॉक (पाटे आणि एक्सलच्या मधला ठोकळा) टाकून झालेत, आता चाक खड्ड्यात गेलं की पुढून ठक्क आवाज येतो, हायवेला स्टिअरिंग तरंगतं, आणि लवकरच लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटरवाली चरखी) बसवायचाय. तर ४ इंची किट घेतलं की हे सगळं सुटेल का? नाही सुटणार, उलट वाढेल.

आधी तो ठक्क आवाज समजून घ्या कारण बाकी सगळं त्यातच आहे. चाकाला वर जायला काही जागा असते आणि खाली लोंबायला काही जागा असते, दोन्ही मिळून ट्रॅव्हल. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या, डोक्यावर स्पेसर टाकला की शॉकअपच्या आत काहीच बदलत नाही, अख्खा स्ट्रटच खाली सरकतो, म्हणजे चाक कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्याही खाली लोंबायला लागतं. मग वरचा आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारा वरचा हात, स्प्रिंगला नाहीतर त्याच्या घराला जाऊन आपटतो, आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट तिरका होऊन अडतो, फोर बाय फोर असेल तर चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन भलताच होतो आणि त्याचे रबरी बूट फाटतात. आणि वर जाताना उलटं होतं, स्ट्रटची एकूण लांबी स्पेसरने वाढलेली असल्यामुळे बंप स्टॉपर (चाकाला वर अडवणारं रबर) लागायच्या आधी शॉकअपच तळाला बसू शकतो. आणि हो, शॉकअप खालच्या आर्मवर मधेच कुठेतरी टेकलेला असतो त्यामुळे १ इंचाचा स्पेसर चाकापाशी साधारण पावणेदोन-दोन इंच उचलतो. तुमचा '३ इंची' म्हणजे स्पेसरची जाडी की मिळालेली उंची ते बघा, पॅकिंगवर बहुतेक मिळणारी उंची लिहिलेली असते, पण जाडीच जर ३ इंच असेल तर गाडी चालवू नका, काढा.

उंची वाढवायचा दुसरा प्रकार प्रीलोडचा, म्हणजे अॅडजस्टेबल कॉइलओव्हरची (उंची बदलता येणाऱ्या स्ट्रटची) कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालची आट्यांची कडी, वर फिरवत न्यायची. लोक म्हणतात कॉलर चढवली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. गाडीचं वजन तेवढंच, स्प्रिंग तीच, ती तेवढीच दबणार, फक्त तिची बैठक वर गेल्यामुळे बॉडी वर जाते. पण शॉकअपची लांबी काही वाढत नाही, म्हणून उभ्या गाडीतच तो जास्त उघडलेला असतो आणि खाली जायची जागा संपत येते, जरा खड्डा आला की शॉकअप पूर्ण उघडून ठक्क. लोकांना जो कडकपणा वाटतो तो बहुतेक वेळा हाच असतो, मग ते शॉकअपला शिव्या देतात. माझा साधा नियम, गाडी चारही चाकांवर उभी असताना एकूण ट्रॅव्हलचा तिसरा हिस्सा तरी खाली शिल्लक पाहिजे. बघायला सोपंय, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत माप घ्या, मग चॅसिसला जॅक लावून चाक लोंबू द्या आणि परत तेच माप घ्या, फरक आला ती तुमची खालची जागा. जमिनीपासून मडगार्डपर्यंतची मापं घेऊ नका, त्यात टायरची हवा येते.

आता निवडायचं कसं. आधी वजन ठरवा, इंच नंतर. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ७०-१०० किलो सहज होतात आणि ते सगळं पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकतं, म्हणजे पुढची चाकं त्याहून जास्त भोगतात आणि मागची किंचित हलकी होतात. मूळ स्प्रिंगवर हे लादलंत तर नाक साधारण अर्धा इंच तरी खाली बसेल आणि तुम्ही ते परत स्पेसर टाकून नाहीतर कॉलर चढवून उचलाल, म्हणजे पुन्हा वरचाच घोळ. कायमचं वजन असेल तर त्या वजनाची स्प्रिंग घ्यायची, बहुतेक बनवणारे हलकी, मध्यम, जड असे प्रकार देतात आणि कशाला किती किलो तेही देतात. पण 'पुढेमागे बसवू कधीतरी बंपर' म्हणून आत्ताच जड स्प्रिंग घेऊ नका, रिकाम्या गाडीत ती दाबलीच जात नाही आणि दात हलतात. बंपर आधी, स्प्रिंग नंतर, किंवा दोन्ही एकाच दिवशी.

स्वतंत्र सस्पेन्शनला मी २ इंचावर थांबतो. २ ते ३ मधे वरचा आर्म बदलावा लागतो, शॉकअप त्याच्या मापाचा लागतो, कधी डिफरन्शियल खाली घ्यायचं ब्रॅकेट लागतं. ४ इंच पाहिजेच असतील तर आख्खी क्रॉसमेंबर (आर्म धरणारा आडवा भाग) आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बदलणारं किट, ते वेगळंच प्रकरण आहे. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, लिफ्टने मागच्या हाऊसिंगच्या (एक्सलच्या लोखंडी कवचाच्या) खालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते. २६५/७० आर १७ वरून २८५/७० आर १७ वर गेलात तर व्यास साधारण २८ मिमी वाढतो म्हणजे हाऊसिंग खाली १४ मिमी मिळतात, आणि स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवायला लागतो. लिफ्टचा खरा फायदा म्हणजे चढउताराचे कोन सुधारतात, पोट टेकत नाही आणि मोठा टायर घासत नाही.

मागचे ब्लॉक. २ इंचाचा एकच ब्लॉक काही गुन्हा नाही, पण एकावर एक ब्लॉक कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलला पाटे असलेल्या गाडीत पुढे तर ब्लॉक अजिबात नाही. ब्लॉकने हाऊसिंग आणि पाट्यामधला हात लांब होतो, जोर लावला की पाटे इंग्रजी एस सारखे पिळतात आणि मागून धडधड येते. वापर बघता तुम्हाला पूर्ण नवा पाट्यांचा संच बरा, तोही कमी वजनाचा, कारण तुम्हीच म्हणताय मागे माल क्वचितच असतो. एक जादा पाटा घालणं स्वस्त पडतं पण रिकामी गाडी उड्या मारते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी पट्टी) लावली तर ती जेवढी लांब त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट हाऊसिंगला जुळते तिथला, कोन फिरतो. क्वचितच्या मालासाठी पाट्यांना मदत म्हणून हवेचे फुगे सुचवतील, रस्त्यावर ठीक, पण फुगा सगळा भार चॅसिसच्या एकाच जागी देतो, भरलेली गाडी खडकाळ रस्त्यावर नेलीत तर चॅसिस वाकते, वाकलेल्या बघितल्यात.

बसवताना पाटे हाऊसिंगला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. आर्मचे आणि पाट्याचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करू देऊ नका, चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन आल्यावरच टाइट करायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि उंचीही चुकीची दिसते. नव्वद टक्के ठिकाणी हे उलटं करतात, उभं राहून करून घ्या. स्ट्रटचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय घरी खोलायचा विचारही करू नका, जीव जाईल.

मागे ब्रेकचा लोड व्हॉल्व (वजनानुसार मागचा ब्रेक कमीजास्त करणारा) आहे का ते बघा, बऱ्याच पिकअपना हाऊसिंगपासून एक बारीक दांडी वर गेलेली असते. गाडी उचलली की त्या व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ब्रॅकेटने ती दांडी जागेवर आणावी लागते. ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी, हाऊसिंगची ब्रीदर नळी चाक पूर्ण लोंबवून ताणतात का बघा. दोन तुकड्यांची प्रोपेलर शाफ्ट असेल आणि निघताना थरथर यायला लागली तर तिचं मधलं, म्हणजे सेंटर बेअरिंग थोडं खाली घ्यायचं, पातळ पट्ट्या घालून होतं.

मग सेटिंग. बंपर, विंच, जे काय कायम असणार ते सगळं लावून, टाकी अर्धी भरून, सपाट जागी. कॉलर थोडी फिरवली की गाडी पुढे मागे ढकला नाहीतर टायर आडवे अडकून खोटं माप येतं. डाव्या उजव्यात ५-६ मिमी फरक राहिला तर सोडून द्या. जास्त असेल तर मागचा पाटा कलवतोय की पुढची स्प्रिंग ते आधी शोधा. पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावा, मागे चॅसिसच्या अगदी मध्यभागी जॅक लावून मागचा भार थोडा उचला, मग कल फक्त पुढच्यामुळे असेल तेवढाच दिसतो. मागे थोडी उंच राहू द्या, माल भरल्यावर नाक आभाळात जायला नको.

तुमचं स्टिअरिंग तरंगतंय ते कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो तो कोन) कमी झाल्यामुळे, जवळपास नक्की. बरेच अलाइनमेंटवाले फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) करून पाठवतात, तुम्ही आधी आणि नंतरचा छापील कागद मागा आणि त्यात कॅस्टर बघा, दोन्ही बाजूंना सारखा आणि कंपनीच्या आकड्याजवळ. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने (फिरवला की आर्म सरकतो तो बोल्ट) तो येत नसेल तर वरचा आर्म बदलायला पर्याय नाही. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून ५०० ते १००० किमीनंतर सगळे बोल्ट, विशेषतः यू बोल्ट, टॉर्क रेंचने परत तपासा आणि अलाइनमेंट पुन्हा करा. हेडलाइट खाली घ्या, पुढे रडार किंवा कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशन. उंची बदलायला तुमच्याकडे कायद्याने किती परवानगी आहे आणि विम्याला कळवावं लागतं का ते पैसे भरायच्या आधी विचारा.

आत्ता लगेच करायचं एवढंच, स्पेसरची जाडी मोजा, चाक लोंबवून वरच्या आर्मला आणि स्प्रिंगला घासल्याच्या खुणा आहेत का बघा, सीव्ही बूट बघा. चारही चाकांची हब ते मडगार्ड मापं, पुढच्या चाकांची लोंबवलेली मापं आणि घेणार असलेल्या बंपरचं वजन इथे टाका, मग कुठल्या वजनाची स्प्रिंग ते बोलू.