मुलांची कार्डं तुझ्या पर्समध्ये काय करत होती?

पत्र:

मावशी, तुमचा कॉलम मी रोजच्या ट्रेनमध्ये वाचते, स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही मुलुंडला राहतो, मी बँकेत आहे, मिस्टर प्रायव्हेट कंपनीत. मुलगी १६ वर्षांची, अकरावीला, माटुंग्याच्या कॉलेजला जाते, मुलगा १३, आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबईहून गोव्याला क्रूझने गेलो, ३ रात्री, मोठी बोट, अकरा डेक. समोरासमोर दोन केबिन घेतल्या, एक आमची एक मुलांची, खर्च तुम्हीच समजून घ्या. वाटलं होतं तिथे फोनला रेंज नसते, निदान तीन दिवस मुलं आमच्याशी बोलतील. कसलं काय, बोट सुटते न सुटते तोच दोघं गायब. मिस्टरांना पहिल्याच रात्री बोट लागली, ते आडवे, मग बरे झाले तर कसिनोत जाऊन बसले, आणि मी एकटी अकरा डेक वरखाली करून पोरांना शोधतेय. मुलांची केबिन उघडायची कार्डं हरवतील म्हणून मी माझ्याकडेच ठेवली होती, फक्त एवढंच सांगितलं होतं की केबिनमध्ये जायचं असेल किंवा काही घ्यायचं असेल तर मला येऊन सांगा. तेवढंही जमलं नाही. दुसऱ्या रात्री शो बघून साडेअकराला आले तर मुलगा केबिनच्या दाराबाहेर कार्पेटवर बसलेला, कुठे होतास विचारलं तर उत्तर नाही. मुलगी तर परत आल्यापासून 'हो', 'नाही', 'ठीक' याच्यापुढे जात नाही. बॅलार्ड पियरला टॅक्सीत बसताना म्हणाली, नेक्स्ट टाइम तुम्ही दोघंच जा. मी सहापर्यंत बँकेत, समोरच्या काकूंकडे चावी ठेवते, मुलं येऊन ती घेतात, जेवण केलेलं असतं, कशाची कमी नाही. आता मे महिन्यात सिंगापूरहून ४ रात्रींच्या क्रूझचा विचार चाललाय. मुलांना न्यावं की रत्नागिरीला आजीकडे ठेवावं?
— मुलुंडची एक आई

उत्तर:

अगं, तुझ्या मिस्टरांचं बोट लागणं आणि कसिनो, दोन्ही मी सोडून देते, त्यांचं त्यांना बघू दे. 'खर्च तुम्हीच समजून घ्या' हेही सोडून देते, कारण खर्च तू ठरवलास, मुलांनी नाही. मी अडकले ते तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर, जी तू जाता जाता लिहून टाकलीस. मुलांची कार्डं तू तुझ्याकडे ठेवलीस.

तुला ते कार्ड म्हणजे हॉटेलच्या रूमची चावी वाटली असेल, पण बोटीवर ते कार्डच सगळं असतं बाई. केबिनचं दार त्याने उघडतं. बोटीवर रोख पैसे जवळपास चालत नाहीत, साधं कोल्ड कॉफीचं बिलही कार्डावर लागतं. बंदरात उतरताना आणि परत चढताना गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या-उतरायच्या वाटेवर, ते स्कॅन करतात, स्क्रीनवर त्या माणसाचा फोटो येतो, आणि कोण बोटीवर आहे नि कोण अजून बाहेर फिरतंय हे बोटीला त्यावरूनच कळतं. गोव्याला मुरगावला उतरताना तरी तू ती काढून दिली असशील, आणि परत चढल्यावर लगेच गोळा केली असशील, केलीस ना? डोळ्यासमोर आलं माझ्या.

आता तुझा साडेअकराचा प्रसंग घेऊ, जो तू मुलाच्या बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणून मला पाठवलास. पोरगं दमलं, झोपायला आलं. दार बंद. कार्ड तुझ्या पर्समध्ये, पर्स तुझ्या मांडीवर, तू थिएटरच्या अंधारात. फोनला रेंज नाही, आणि वायफायचा पॅक तू मुद्दाम घेतला नसणार कारण मुलांनी बोलावं म्हणूनच तर गेला होतात. समोरच्या केबिनचं दार वाजवलं असेल, बाबा कसिनोत. मग तो बिचारा काय करणार, बसला खाली. येणारेजाणारे लोक बघतायत, साफसफाईवाला दादा दोनदा विचारून गेला असेल, ऑल ओके? तेरा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी काय वाटलं असेल ते जरा इमॅजिन कर, आणि मग तू येऊन विचारलंस, कुठे होतास. तो इथेच होता की गं! उत्तर काय देणार?

आणि ते अकरा डेक वरखाली करणं, ते तू एकटीच करत होतीस असं तुला का वाटतं? त्यांना स्विमिंगचा टॉवेल घ्यायचा असला, चार्जर घ्यायचा असला, बाथरूमला स्वतःच्या केबिनमध्ये जायचं असलं तरी आधी आई शोधा. तू सहाव्या डेकवर त्यांना शोधतेयस, ते दहाव्यावर तुला. तीन दिवस तुम्ही तिघं एकमेकांना शोधत फिरलात, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंस की मुलं गायब होती.

अजून एक, आणि हे मी जरा चिडूनच लिहितेय. त्या कार्डावर एक अक्षर किंवा नंबर छापलेला असतो, बहुतेक सगळ्या बोटींवर. ते मस्टर स्टेशन. काही झालं, भोंगा वाजला, तर लाइफ जॅकेट घेऊन कुठे जमायचं ते. पहिल्या दिवशी ती ड्रिल झाली असेल, तुला कंटाळा आला असेल, सगळ्यांनाच येतो. पण ती ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायचीच असा नियम उगाच नाही झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, बोटीवर सुमारे ४२०० माणसं, ३२ गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. घाबरवत नाहीये तुला, क्रूझ सुरक्षितच असतात, पण मुलांच्या काळजीने कार्डं काढून घेतलीस म्हणतेस आणि आणीबाणीत कुठे जायचं ते ज्यावर छापलंय तेच काढून घेतलंस, ही कुठली काळजी?

हरवतील म्हणे. हरवू देत! रिसेप्शनला जायचं, ते फोटो बघतात, जुनं कार्ड बंद करतात, नवीन देतात. तुला पैशांची भीती होती का, की पोरं उधळतील? त्याच काउंटरवर सांगायचं की या दोन कार्डांवर एवढीच लिमिट ठेवा, किंवा खर्च बंदच करा, बहुतेक बोटींवर करून देतात. दारूची भीती? कार्डाला वय जोडलेलं असतं, बारमध्ये स्वाइप केलं की कळतं. आणि पळून जातील कुठे गं, चारी बाजूला अरबी समुद्र!

खरं सांगू का, मला वाटतं तुला हरवण्याची भीती नव्हती. तुला हवं होतं की त्यांना दर दोन तासांनी तुझ्याकडे यावं लागेल. यावं लागेल, बरं का, यावंसं वाटेल नाही. रेंज नाही म्हणून बोलतील, कार्ड नाही म्हणून येतील, असा सगळा तुझा प्लॅन होता, आणि मुलं एवढी बावळट नसतात, मुलगी तर नाहीच नाही. ती रोज मुलुंडहून स्लो पकडून माटुंग्याला जाते, सकाळच्या गर्दीत, लेडीज डब्यात दाराशी उभी राहून, धक्काबुक्कीपासून ते चौथ्या सीटच्या भांडणापर्यंत सगळं एकटी हँडल करते. तिला तीन दिवस झोपायला जायचं असलं तरी आईला विचारावं लागत होतं. मी तिच्या जागी असते तर टॅक्सीत तेवढंही बोलले नसते.

आणि मग पत्राच्या शेवटी ती चावी. कशाची कमी नाही म्हणतेस आणि त्याच वाक्यात सांगतेस की घराची चावी समोरच्या काकूंकडे असते. सोळा वर्षांची मुलगी, तिच्याकडे स्वतःच्या घराची चावी नाही! रोज कॉलेजहून आली की आधी काकूंची बेल. काकू चांगल्याच असतील, पण काकू विचारणार, आज उशीर का, बरोबर कोण होतं, आणि संध्याकाळी तुला रिपोर्ट. काकू भाजीला गेल्या असतील तर जिन्यात बसायचं. तुझा मुलगा कार्पेटवर बसला तेव्हा आरडाओरडा का केला नाही माहितीये? सवय आहे त्याला.

म्हणून क्रूझ बाजूला ठेव, मे महिन्याला वेळ आहे. या रविवारी खाली उतर, मुलुंड स्टेशनबाहेर एखादा चावीवाला बसत असेलच, त्याच्याकडून लॅचच्या दोन डुप्लिकेट करून घे. दोन, एक नाही. मुलगा लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असलं काही नको. घरी येऊन दोघांच्या हातात एकेक दे आणि गप्प बस. 'हरवलीस तर बघ' नाही, 'आता तू मोठी झालीस' नाही, गणपतीचं कीचेन लावून फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही. काकूंकडची चावी तशीच राहू दे, कधी खरंच हरवली तर उपयोगी पडेल, पण काकूंना सांग की आता मुलं रोज येणार नाहीत. पहिल्या आठवड्यात तुला बँकेतून चार फोन करावेसे वाटतील, पोचलीस का, दार लावलंस का, गॅस बघितलास का. करू नकोस. काउंटरवर माणसं उभी असतील, त्यांच्याकडे बघ.

आजीकडे ठेवण्याचा विषय बंद. मुलगी रागाने बोलली आणि तू ते लगेच धरून ठेवलंस, कारण ते सोयीचं आहे. दोघांनाही ने. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरहून ज्या मोठ्या बोटी सुटतात त्यांच्यावर चार चार हजार माणसं असतात, अकरा डेक काहीच नाहीत त्याच्यापुढे, शोधाशोध करायला गेलीस तर चार रात्री लिफ्टमध्येच जातील. असल्या बोटींवर साधारण १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळी जागा असते, गेम, म्युझिक, रात्री उशिरापर्यंत काहीबाही चालू असतं, लहान मुलांसारखं तिथे आईबाबांनी सही करून सोडायचं नसतं, मुलं आपली आपण येतात जातात. तिथे जाऊन काचेतून डोकावायचं नाही. तुला येतं ते, मला माहितीये.

चढल्या चढल्या कार्डं मिळतील ती ज्याची त्याच्या गळ्यात. लिमिट काय आहे ते एकदा सांग, मस्टर स्टेशन कुठे आहे ते त्यांना तुला दाखवायला लाव, तू त्यांना नको दाखवू. फोन विमानवाल्या मोडवर टाकायला सांग, नाहीतर समुद्रात बोटीचंच मोबाइल नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल बघून मिस्टरांना परत बोट लागेल. आणि एकच गोष्ट ठरव, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, अमुक वाजता, अमुक टेबल. येतील. सोळा आणि तेरा वर्षांची मुलं भुकेली असतात. ते जेवण तासभर चालेल, चार रात्रीचे चार तास, आणि त्यातले पहिले दोन दिवस मुलगी 'हो', 'नाही', 'ठीक'च करेल, तू तिला भाजी वाढत बसू नकोस, तिथे वाढणारे असतात. तुला हवी असलेली गप्पांची मैफल होईलच असं मी सांगत नाही. बाकीचा वेळ तुझा आहे. तीन दिवसांच्या ट्रिपचं एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि त्यात तू स्वतः समुद्र बघितलास असं एकदाही आलं नाही.

मिस्टरांसाठी केबिन घेताना खालच्या डेकवरची, बोटीच्या मधोमध असलेली घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं, बाल्कनीचा हट्ट सोडा. मुलांची केबिन मधे दार असलेली जोडकेबिन मिळाली तर बघ, वेगळ्या केबिनमध्ये नुसती अल्पवयीन मुलं ठेवायला प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आहेत, बुकिंगच्या आधी विचार. आणि मुलाचा पासपोर्ट आजच काढून तारीख बघ, त्याच्या वयाच्या मुलांचा पाचच वर्षांचा असतो, जायच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक लागतात. बोट मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येत असेल तर व्हिसावर दुसऱ्यांदा आत येता येतंय ना तेही बघून घे. पासपोर्ट मात्र चारही तुझ्याकडेच ठेव, त्याला माझी काही हरकत नाही.